हॉलवरच्या पाट्या, टेबल नंबर, नावांची यादी: काय आधी लावायचं, काय नंतर, आणि कशाने?

उंबरठा

ताईचं लग्न तोंडावर आलंय आणि "तुझं अक्षर चांगलं आहे" एवढ्या एका कारणावरून छापील सामानाचं अख्खं खातं माझ्या गळ्यात पडलंय. पत्रिका कधीच वाटून झाल्या. आता प्रश्न प्रत्यक्ष हॉलवरच्या सामानाचा आहे: स्वागताची मोठी पाटी, बाणांच्या पाट्या, कार्यक्रमाच्या वेळांचा फलक, टेबलांचे नंबर, कोण कुठल्या टेबलावर त्याची यादी, पहिल्या दोन रांगांसाठी "राखीव", जेवणाच्या टेबलांवर नावांची कार्डं, आणि पाहुण्यांनी काढलेले फोटो गोळा करायला एक क्यूआर कोड.

जागा अशी आहे. रस्त्यावरून आत आलं की डावीकडे पार्किंग. इमारतीला दोन दारं, एक समोरचं शोभेचं आणि एक पार्किंगच्या बाजूचं. लोक शिरतात ते पार्किंगच्या बाजूनेच. समारंभ तळमजल्यावर, जेवण दुसऱ्या मजल्यावर, आणि मधल्या मजल्यावर त्याच दिवशी दुसऱ्याच कोणाचा तरी कार्यक्रम. स्वागताची जागा अर्धी उघड्यावर. भिंतीला खिळा चालणार नाही, रंगावर टेप चालणार नाही, असं हॉलच्या मॅनेजरनी दोनदा बजावलंय. पाहुणे साडेतीनशेच्या घरात. हॉल ताब्यात येणं आणि पहिला पाहुणा येणं यांत तीन तास. त्या तीन तासांत डेकोरेशनवाले, लाइटवाले, साउंडवाले सगळे तिथेच असणार.

डिझाइन मावसभावाने मोबाइलवर केलंय, मराठी वर आणि इंग्रजी खाली. स्क्रीनवर झकास दिसतं. पण अक्षर किती मोठं हवं, यादी टेबलांप्रमाणे लावू की नावांप्रमाणे, आणि तीन तासांत हे सगळं बसवायचं कसं, याचा काही अंदाज येत नाहीये. घरात विचारलं तर प्रत्येक जण फक्त स्वागताच्या पाटीच्या रंगाबद्दल बोलतो.


सुतळी

आधी हॉलवाल्यांकडे त्यांचे स्वतःचे स्टँड आहेत का ते विचार. बहुतेक ठिकाणी चार-पाच धूळ खात पडलेले असतात. मिळाले तर भिंतीचा प्रश्नच मिटला. आणि मधल्या मजल्यावरच्या कार्यक्रमाचं नाव काय आहे तेही विचारून घे. त्यांच्याही पाट्या लागणार आहेत आणि जिना एकच आहे.


खळ_आणि_कात्री

मी हेच काम करतो. छापखान्यात सुरुवात केली, आता हॉलवर जाऊन लावून द्यायचीही कामं घेतो. त्यामुळे जरा लांबड लागेल, चहा घेऊन बस.

रंगाचा विचार सोड आणि एकदा हॉलवर जाऊन ये. तेही गेटच्या आत उभं राहून नाही, रस्त्यावरून गाडीने. पार्क कर, उतर, आणि जिथे जिथे पाय अडखळतो, "आता इकडे की तिकडे" असं मनात येतं, तिथे तिथे खडूने खूण कर किंवा फोटो काढ. तुझ्या वर्णनावरून मला चार जागा दिसतात: पार्किंगमधून बाहेर पडताना, बाजूच्या दाराच्या आत, जिन्यापाशी (किंवा लिफ्टपाशी), आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर. शेवटची जागा सगळे विसरतात. जेवायला निघालेली माणसं पहिल्या मजल्यावर वाजंत्री ऐकून त्या कार्यक्रमात शिरतील आणि बराच वेळ कोणाला कळणारही नाही. त्या वळणावर "अजून एक मजला वर" एवढंच लिहिलेली पाटी लाव. वधूवरांची नावं त्या पाटीवर हवीतच, कारण तिथे प्रश्न "जेवण कुठे" हा नसतो, "आपलं जेवण कुठे" हा असतो.

पाटी वळणावर लावू नये, वळणाच्या चार पावलं आधी लावावी. माणूस चालत असतो, त्याला वाचून वळायला वेळ हवा. बरोब्बर दारात लावली की तो दारात थांबतो, त्याच्यामागचे थांबतात आणि दार बंद पडतं. स्वागताच्या पाटीचंही तसंच. तिच्यासमोर लोक फोटो काढणार हे धरून चाल, म्हणजे तिच्यापुढे दोन-तीन मीटर मोकळे आणि ते मोकळे मीटर वाटेत नकोत. बाजूला, भिंतीकडे पाठ करून.

बाणांबद्दल एक कामाची गोष्ट. बाण छापूच नको. पाटीवर मजकूर छाप, बाणाची जागा कोरी ठेव, आणि बाण वेगळे व्हिनाइलच्या स्टिकरवर छापून घे. डेकोरेशनवाले ऐन वेळी कमान सरकवतात, हॉलवाले एक दार बंद ठेवतात, आणि डावा बाण उजवा करावा लागतो. स्टिकर हातात असले की तो मिनिटाचा खेळ आहे. वर टोक असलेला बाण शक्यतो टाळ. "सरळ जा" आणि "वर जा" या दोन्हींना लोक तोच काढतात, आणि तुझ्याकडे तर खरोखरच वर जायचंय. जिन्यापाशी शब्दांतच लिही: "जेवण: दुसरा मजला, जिना किंवा लिफ्ट".

अक्षराचा हिशोब सोपा आहे. तीन मीटर अंतरावरून आरामात वाचायचं असेल तर अक्षर साधारण २५ मिलिमीटर उंच. सहा मीटरला ५०. हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं धर, वेलांटी आणि उकार सोडून. पार्किंगमधली पाटी दहा मीटरवरून दिसायला हवी असेल तर अक्षर ८० मिलिमीटरच्या पुढे जातं, म्हणजे तिच्यावर तीनचार शब्दांच्या वर काही मावत नाही. मावतही नाही आणि लागतही नाही. आणि पाटी डोक्यांच्या वर दिसली पाहिजे. रिकाम्या हॉलमध्ये छातीच्या उंचीला ठेवलेली पाटी सुंदर दिसते आणि पन्नास माणसं आली की नाहीशी होते. वाटेवरच्या पाट्यांचा खालचा काठ माणसाच्या खांद्याच्या वर ठेव.

स्वागताची पाटी उघड्यावर आहे म्हणालीस. ए१ आकाराची पाटी म्हणजे जवळजवळ अर्धा चौरस मीटर. एवढं शीड तू तीन काटक्यांच्या इझलवर उभं करणार आहेस. वारा सुटला की ते पडणार, आणि पडतं ते नेहमी माणसांच्या दिशेने. इझलच्या मागच्या पायाला वाळूची पिशवी किंवा पाण्याची मोठी भरलेली बाटली बांध, पाटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून केबल टायने इझलला पक्की कर. ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) घे, ३ चा उन्हात वाकतो. वर लॅमिनेशन करणार असशील तर मॅट. ग्लॉसवर दिवा चमकला की समोरून फक्त दिवा दिसतो, आणि फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत पाटीच्या जागी पांढरा गोळा येतो. पारदर्शक ॲक्रिलिकवर पांढरी अक्षरं ही सध्याची हौस आहे, तिच्या मागे एकरंगी गडद पडदा असेल तरच वाचता येते. मागे फुलांची भिंत असेल तर पाटी आहे हेच कळत नाही. तसंच खिडकीला पाठ करून पाटी ठेवू नको, उजेड मागून आला की पुढची बाजू काळी.

भिंतीचं म्हणशील तर भिंतीला हात लावायचाच नाही असं ठरव. जिन्याचा कठडा, दाराचं हँडल, खांब, काच, स्टँड, एवढ्यात सगळं बसतं. कठड्याला केबल टाय किंवा रिबिन. खांबाला मागून सुतळी गुंडाळून तिच्यावर पाटी टांग. काचेवर डबल टेप चांगला बसतो, फक्त काच आधी कोरड्या फडक्याने पूस. फडकं म्हणजे फडकं, पदराने नाही. धुळीवर लावलेला टेप तासाभरात काच सोडतो.

टेबल नंबर. दोन्ही बाजूंनी छापलेले, आणि टेबलावर फुलं किती उंच येणार आहेत ते डेकोरेशनवाल्यांना विचारून त्यांच्या वर येईल असा दांडा. क्रम दारापासून सुरू कर. आणि सापासारखा वळवू नको (पहिली ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून). नकाशावर छान दिसतं, माणूस मात्र आठ नंबरपाशी उभा राहून नऊ शोधत बसतो. प्रत्येक ओळ एकाच बाजूने सुरू कर.

नावांची कार्डं साडेतीनशे? खरंच हवी आहेत का बघ. हवीच असतील तर पंख्यांचा विचार कर. ९ बाय ५ सेंटिमीटरचं कार्ड ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) कागदावर छापलं तरी त्याचं वजन सव्वा-दीड ग्रॅमच भरतं. पंखा सुरू झाला की ते शेजारच्या टेबलावर. त्यामुळे घडीचं, तंबूसारखं उभं राहणारं कार्ड घे आणि त्याची एक कड ताटाखाली किंवा ग्लासखाली सरकव. घडी घालायच्या आधी छापखान्यात क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करून घे. ३०० जीएसएमला नुसती हाताने घडी घातली तर घडीवर कागद फुटतो आणि छपाईतून पांढरी रेघ दिसते. गडद रंगावर तर जास्तच. घडी कागदाच्या ग्रेनच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने पडेल असं छापखान्यात सांग. आडवी पडली की कार्ड उभं राहत नाही, हळूहळू उघडून आडवं होतं. तू अक्षर काढणार असशील तर कागद लॅमिनेशन न केलेला घे, नाहीतर शाई वाळत नाही आणि पहिल्याच कार्डावर तळहात फिरतो. नावं घालून छापणार असशील तर लेझर प्रिंट कर, इंकजेट नको. जेवणाच्या टेबलावर पाण्याचा थेंब पडणारच आणि इंकजेटची शाई लगेच फुटते.

आता तीन तास. सामान प्रकाराप्रमाणे भरायचं नाही, जागेप्रमाणे भरायचं. "बाण" असा एक डबा आणि "नंबर" असा दुसरा डबा केलास तर प्रत्येक जागी सगळे डबे उघडावे लागतात. त्याऐवजी "पार्किंग", "बाजूचं दार", "जिना आणि पहिला मजला", "समारंभ", "जेवण" असे डबे. प्रत्येक डब्यात त्या जागेच्या पाट्या, त्या जागेला लागणारे टाय आणि टेप, आणि वर त्या जागेचा फोटो, ज्याच्यावर पाटी कुठे येणार ते पेनने गोल केलेलं. मग डबा कोणाच्याही हातात दे, तुला विचारायला कोणी धावत येणार नाही. ज्याच्या हातात डबा त्याचीच ती जागा, संपेपर्यंत.

क्रम असा: बाहेरच्या पाट्या आधी. आत डेकोरेशनवाले असेपर्यंत तुला काही करता येत नाही आणि लवकर आलेले पाहुणे बाहेरच चुकतात. मग जिना. टेबलांना हात लावायचा तो टेबलक्लॉथ घालून झाल्यावर, ताटं मांडून झाल्यावर आणि फुलं ठेवून झाल्यावर. त्याआधी ठेवलेला नंबर वेटर उचलून बाजूला ठेवतो आणि परत ठेवताना जो हाताला लागेल तो ठेवतो. शेवटी टेबलांवरून एक फेरी मार, हातात नकाशा घेऊन, फक्त नंबर बघत.

आणि एक छोटी पिशवी तुझ्या खांद्याला: कात्री, दोन मार्कर, डबल टेप, टाय, जास्तीचे बाण, त्याच कागदाची पाचपन्नास कोरी कार्डं, एक कोरी पाटी. कोरी पाटी लागतेच. लिफ्ट बंद पडते किंवा पार्किंग भरतं.


मात्रावेलांटी

वरचं सगळं बरोबर, फक्त मावसभावाच्या फाइलबद्दल कोणी बोललं नाही. मला तिथेच भीती वाटते.

मोबाइलवरच्या ॲपमध्ये केलेली फाइल बहुतेक वेळा स्क्रीनच्या मापाची असते. समजा ती १०८० बाय १३५० पिक्सेल आहे. ए१ पाटीची रुंदी ५९४ मिलिमीटर, म्हणजे साधारण २३.४ इंच. १०८० भागिले २३.४ केलं की इंचाला जेमतेम ४६ ठिपके येतात. अक्षरांच्या कडा दातेरी दिसणार. मोठ्या पाटीला इंचाला १५० पुरतात, म्हणजे ए१ साठी ३५०८ बाय ४९६७ पिक्सेल लागतील. हातात घ्यायच्या कार्डाला ३०० हवेत. पण खरं उत्तर चित्र न पाठवता पीडीएफ पाठवणं हे आहे. पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणून राहतात, कितीही मोठी करा. कापणीसाठी चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडायला सांगा, आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत.

दुसरं, मराठीची अक्षरं. छापखान्याच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल किंवा त्यांच्याकडे जुनी, युनिकोड नसलेल्या फाँटची पद्धत असेल तर मजकूर तिथे परत टाइप होतो, आणि नावं चुकतात ती तिथे. म्हणून पाठवताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पाठवा. पण कर्व्ह करायच्या आधी नीट वाचा, कारण मोडलेलं जोडाक्षर कर्व्ह केलं की मोडलेलंच राहतं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. तुमच्या पाट्यांवर एक शब्द हमखास आहे जो सगळं उघड करतो: "दुसऱ्या". त्यातला ऱ्य नीट येतोय का बघा. र्‍ ची ती डोळ्याच्या पापणीसारखी रेघ न येता रफार येऊन "दुसर्या" झालं तर फाँट किंवा टायपिंग, दोन्हींपैकी एकात घोळ आहे.

फाँट निवडायचा असेल तर मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फुकट मिळतात आणि व्यवस्थित आहेत. तिरोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत. पुष्कळ फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, त्याने वाचायला अडत नाही, पण आजीआजोबांच्या डोळ्यांना खटकतं. बाणांच्या पाट्यांना मुक्ता जाड वजनात. वळणावळणाचा सुलेखनी फाँट फक्त वधूवरांच्या नावांना ठेवा, कारण ती नावं सगळ्यांना आधीच माहीत असतात. वाटेवरच्या पाटीवर तोच फाँट वापरला की लोक पाटीची तारीफ करतात आणि रस्ता दुसऱ्याला विचारतात.

सोनेरी रंग: स्क्रीनवरचा सोनेरी हा उजेडाचा आहे. चार रंगांच्या छपाईत तो मोहरीच्या पिवळ्याकडे किंवा तपकिरीकडे जातो. खरा सोनेरी हवा तर फॉइल करावं लागतं, आणि ते पातळ रेघांना नीट चिकटत नाही. एका कोपऱ्याचा खऱ्या आकाराचा तुकडा ए४ वर छापून बघा आणि तो भिंतीला टेकवून लांब जा. त्यातच रंगही कळेल आणि अक्षरही.


रिकामी_खुर्ची

मी उलट बोलणार आहे, माफ करा. साडेतीनशे माणसांना खुर्चीप्रमाणे बसवायचं हा हट्टच कशाला? टेबल ठरवा, खुर्ची नको. नावांची कार्डं फक्त घरच्यांच्या एक-दोन टेबलांना. आमच्याकडे कार्डं होती तेव्हा लोकांनी ती उचलून आपापल्या सोबत्यांशेजारी नेऊन ठेवली आणि मागून आलेल्यांना कार्डच सापडेना. ज्यांच्या जागा बदलल्या गेल्या ते रुसले ते वेगळंच. वाचलेल्या वेळात स्वच्छतागृहाची पाटी करा. त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न तोच असतो आणि ती पाटी यादीत कोणाच्याच नसते. तुमच्याही नाहीये, वर बघा.


उंबरठा

नाहीये खरंच! लिहून घेतली. ज्या काकूंना जिना चढता येत नाही त्यांच्यासाठी लिफ्टची पाटीही वेगळी करते, बाजूच्या दाराच्या आतच.

खुर्चीप्रमाणे नावांचा आग्रह ताईचा होता. तिला हा धागा दाखवला, आता घरच्या टेबलांपुरतीच कार्डं ठरली. मावसभावाची फाइल १०८० चीच निघाली. "दुसर्या" पण निघालं. तो गप्प आहे.

मग मोठा प्रश्न राहिला यादीचा. टेबलांप्रमाणे लिहिली की दिसायला सुटसुटीत: टेबल एक, खाली दहा नावं. पण साडेतीनशे नावं आहेत. आणि क्यूआर कोडही राहिला, तो सोनेरी रंगात स्वागताच्या पाटीवरच टाकलाय.


खळ_आणि_कात्री

नावांप्रमाणे. पाहुण्याला स्वतःचं नाव माहीत असतं, टेबल माहीत नसतं. टेबलांप्रमाणे यादी लावली की त्याला स्वतःचं नाव सापडेपर्यंत सगळीच टेबलं वाचावी लागतात आणि तोवर मागे रांग. टेबलांप्रमाणे केलेली यादी स्वतःकडे ठेव आणि केटरिंगवाल्यांना एक दे, त्यांना तशीच लागते.

पहिल्या नावाने लाव, आडनावाने नको. एकाच आडनावाची चाळीस माणसं असणार आणि आडनावाच्या यादीत ती सगळी एकाच कोपऱ्यात गर्दी करतील. नवरा-बायकोला एका ओळीत घालू नको, दोघांची दोन ठिकाणी दोन नोंदी. "सहकुटुंब" असं तर मुळीच नको. त्यातल्या पोरांना आपलं नाव शोधायचं असतं.

अक्षरक्रम संगणकावर लावून घेतलास तरी नजर फिरव. संगणकाला ज्ञ म्हणजे ज आणि ञ, त्यामुळे ज्ञानेश्वर बऱ्याचदा ज मध्ये येऊन बसतो आणि क्षमा क मध्ये. आपण शाळेत दोन्ही शेवटी शिकलो, तर माणसं शेवटीच शोधणार. काही नावांच्या बाबतीत तर कुठे शोधतील सांगता येत नाही, तिथे नाव दोन्हीकडे घाल. बिघडत काही नाही.

एक मोठी पाटी करू नको. एका पाटीसमोर एका वेळी चारपाच माणसं उभी राहतात, बाकीची त्यांच्या खांद्यांवरून वाचतात. तीन भाग कर: अ ते ण, त ते म, य ते ज्ञ. नावं कशी वाटली जातायत ते बघून सीमा पुढेमागे कर, म आणि स जड असतात. तिन्ही पाट्या एकमेकींपासून दोन पावलं लांब. वर अक्षरं मोठी लिही, म्हणजे माणूस लांबूनच आपल्या पाटीकडे वळेल. नावांचं अक्षर निदान ८-१० मिलिमीटर, चष्मा गाडीत राहिलेला असतो.

आणि छपाईची पद्धत: पाटीचा पाया एकदाच छाप, नावं मात्र वेगवेगळ्या ए४ कागदांवर, आणि ते कागद पायावर चिकटव. आयत्या वेळी तिघं जण वाढले की तो एकच कागद बदलायचा. यादी सगळ्यात शेवटी छापायला दे. लवकर छापलेल्या यादीला फक्त खाडाखोड मिळते.

क्यूआरचं मात्रावेलांटी सांगतील, पण सोनेरी नको एवढं मीही सांगतो.


मात्रावेलांटी

नकोच. कॅमेऱ्याला गडद चौकोन आणि फिका कागद यांतला फरक लागतो. पांढऱ्यावर सोनेरी म्हणजे फिक्यावर फिकं, आणि फॉइल असेल तर चमकेल ते वेगळं. काळा नाहीतर गडद निळा, पांढऱ्यावर. भोवती कोडमधल्या चार चौकोनांएवढी कोरी जागा सगळीकडून सोडायलाच हवी. तिच्यात वेलबुट्टी आली की वाचत नाही. आकाराचा ढोबळ नियम: जेवढ्या लांबून वाचायचा त्याचा दहावा हिस्सा. टेबलावरच्या कार्डाला तीन सेंटिमीटर पुष्कळ. स्वागताच्या पाटीवर दोन मीटरवरून वाचायचा तर वीस सेंटिमीटर लागतील, म्हणजे पाटी त्या कोडचीच होऊन बसेल. तो टेबलांवर न्या. तसंही फोटो पाठवायची आठवण लोकांना बसल्यावर होते.

मधोमध आद्याक्षरं घालायची असतील तर कोड बनवताना चुकांची सोय सगळ्यात वरच्या पातळीला, एचला ठेवा. त्यात साधारण ३० टक्के भाग झाकला-खराब झाला तरी कोड वाचला जातो. एल पातळीला हेच ७ टक्क्यांवर येतं. आणि कोड थेट तुमच्या फोटोंच्या ऑनलाइन फोल्डरच्या पत्त्याचा बनवा. फुकटात मिळणारे काही कोड मधल्या एका वेबसाइटवरून फिरवून आणतात, त्यांची मुदत संपली की छापलेला कोड मेला. छापून आल्यावर दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर, तुमच्या घरचं वायफाय बंद करून तपासा. आणि फोल्डर सगळ्यांना उघडतंय ना, की फक्त तुम्हालाच, तेही त्यातच कळेल.


सुतळी

हॉलमध्ये मोबाइलला रेंज आहे का हेही बघून ये. तळमजल्यावर नसतेच धरून चाल.


उंबरठा

आज हॉलवर जाऊन आले, रस्त्यावरून गाडीने. स्टँड मिळाले, सहा, दोन डुगडुगतात. मॅनेजर कठड्याला टाय लावायला तयार आहेत. मधल्या मजल्यावर कोणाचा तरी साखरपुडा आहे आणि त्यांच्या वधूचं नावही ताईचंच आहे. म्हणजे पहिल्या मजल्याच्या वळणावर नुसतं पहिलं नाव चालणार नाही, दोघांची पूर्ण नावं घालतेय. त्यांच्या घरच्यांचा नंबर घेतलाय, त्यांनाही तसंच करायला सांगितलं.

बाण स्टिकरवर गेले. क्यूआर टेबलांवर गेला. स्वागताच्या पाटीचा रंग अजून ठरलेला नाही.

शेवटचं एक: "राखीव" ची कार्डं खुर्च्यांना कशी लावायची? कव्हरं सॅटिनची आहेत, टेप बसत नाही आणि टाचणीला मॅनेजर नाही म्हणतात.


खळ_आणि_कात्री

एकेका खुर्चीला लावूच नको. रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांमधून एक रिबिन आडवी ओढून घे आणि तिला मधोमध एक कार्ड टांग, दोन्ही बाजूंनी छापलेलं. रांग बंद आहे हे लांबून कळतं. घरातला एक माणूस तिथे नेम, जो घरच्यांना ओळखतो, आणि समारंभ सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी त्याने रिबिन सोडून उरलेल्या जागा मागच्यांना द्यायच्या. नाहीतर पुढच्या दोन रांगा अर्ध्या रिकाम्या आणि मागे माणसं उभी, असा फोटो येतो. डुगडुगणारे दोन स्टँड आत वापर, बाहेर नको.